भाडेपावती, मत आणि उमेदवारी : नागरी स्वराज्यातील कामगार-प्रतिनिधित्वाचा विचार

वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावी एखाद्या शेतमजुराने स्थानिक निवडणुकीस उभे राहावयाचे ठरविले, तर त्याला मत देणाऱ्यांची मिळकत किती किंवा ते कर किती भरतात, हे कोणी विचारीत नाही. विधानसभेच्या मतदारयादीत ज्याचे नाव तोच ग्रामपंचायतीचा मतदार, हे सूत्र १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने स्वीकारले व ते आजतागायत चालू आहे. खेड्यातील मजुराला हा हक्क जणू आयताच मिळाला. शहरातील कामगाराची गोष्ट मात्र निराळी आहे. नगरसंस्थेच्या दारापर्यंत पोहोचण्यास मुंबईच्या गिरणी कामगाराला तीन पिढ्या लागल्या. या तीन पिढ्यांत त्याच्या मार्गात नेमके काय आडवे आले, हे पाहिल्याशिवाय खेड्यातील त्या 'आयत्या' हक्काचे खरे मोल कळणार नाही. आणि तो हक्क वाटतो तितका निर्वेध आहे काय, हेही समजणार नाही. म्हणून प्रथम मुंबईचा विचार करणे प्राप्त आहे.

मुंबई महापालिकेची पहिली घटना १८७२ च्या कायद्याने सिद्ध झाली. तीत ६४ सभासद होते. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ 'जस्टिस ऑफ द पीस' या मानाच्या पदावरील गृहस्थांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे. करदाता म्हणजे वर्षाला निदान ५० रुपये पालिकेचा कर देणारा. १८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या ७२ केली आणि ही अट ३० रुपयांवर आणली. विद्यापीठाच्या पदवीधरांनाही मताचा अधिकार दिला. या कायद्याचे शिल्पकार म्हणून फिरोजशहा मेहतांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मेहतांच्या कल्पनेतील नागरिक हा घरमालक, व्यापारी किंवा वकील होता. भाड्याच्या खोलीत राहणारा मनुष्य कर भरतच नाही, असे तेव्हाच्या कायद्याचे गृहीतकृत्य होते. वस्तुतः घरमालक आपला कर भाड्यातूनच वसूल करीत असल्यामुळे कराचा भार अखेर भाडेकरूच्याच माथी पडे. हा साधा अर्थशास्त्रीय मुद्दा कायद्याच्या गळी उतरण्यास पुढे तीस-पस्तीस वर्षे जावी लागली.

या काळात गिरणगाव वाढत होता. रत्नागिरी, सातारा, घाटावरची व दख्खनची गावे मागे टाकून आलेले लोक परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी आणि डिलाइल रोडच्या चाळींत राहू लागले. नळ, संडास, गटार, कचरा, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा व दवाखाना यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट महापालिकेच्या अखत्यारीतील होती. गिरणीतील मजुरीचा प्रश्न मालकाशी, तर चाळीतील जगण्याचा प्रश्न पालिकेशी निगडित होता. असे असूनही पालिकेच्या सभागृहात या वस्तीचा स्वतःचा शब्द नव्हता. कामगारांच्या वतीने जे बोलले ते बाहेरून बोलले किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी अनुग्रहाने आत जाऊन बोलले.

अनुग्रहाने आत गेलेल्याची मर्यादा काय असते, याचे जुने उदाहरण मुंबईचे नसून पुण्याचे आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते आणि त्यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे सांगून जोतीरावांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. ३२ सभासदांत एक मत. या प्रसंगाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते या मताचे एकटेपण. नियुक्त सभासद आपला विवेक सभागृहात नेऊ शकतो. त्याच्या मागे मतदार नसल्याने तो संख्या नेऊ शकत नाही.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा मार्ग दुसरा होता. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, कारखाना आयोगापुढे कामगारांचे अर्ज सादर केले आणि 'दीनबंधु'च्या स्तंभांतून हा विषय जागता ठेवला. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती या खटपटीचे फळ होय. पुढे सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली व जस्टिस ऑफ द पीस केले. येथे एक विसंगती ध्यानात येते. ज्या हजारो कामगारांच्या सह्या लोखंड्यांनी गोळा केल्या, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाही महापालिकेच्या निवडणुकीत मत नव्हते. स्वतः लोखंड्यांना मात्र कायद्याच्या दृष्टीने जस्टिसांच्या मतदारसंघात मत होते. कैवाऱ्याला मान मिळाला, पण ज्यांचा कैवार घेतला त्यांना हक्क मिळाला नाही. प्लेगच्या साथीत लोकांची शुश्रूषा करीत असता १८९७ साली लोखंडे वारले. त्यांच्यानंतर गिरणगावातील संघटित कार्य काही काळ मंदावले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या कार्याला पुन्हा चालना मिळाली. सीताराम केशव बोले व त्यांचे सहकारी यांनी १९०९ साली कामगार हितवर्धक सभा स्थापन केली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगचा पाया घातला. रात्रीच्या शाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या असे तिचे कार्य होते. जोशी १९१९ ते १९२२ या काळात महापालिकेचे सभासद होते. त्याच काळात, १९२० साली, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली व तिच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. जोश्यांसारखा मनुष्य सभागृहात असणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पण तेही मध्यमवर्गीय, सुशिक्षित, भारत सेवक समाजाचे आजीव सेवक होते. त्यांची निष्ठा कामगारांशी होती, सभासदत्व मात्र कामगारांच्या मतांवर उभे नव्हते.

१९२२ साली कायद्यात मोठी सुधारणा झाली. सभासदांची संख्या १०६ झाली. त्यांपैकी ७६ मतदारांनी निवडावयाचे होते. दरमहा १० रुपये भाडे भरणाऱ्यास मताचा अधिकार मिळाला. स्त्रियांनाही उमेदवारीचे दार उघडले आणि १९२३ च्या निवडणुकीत सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले प्रभृती स्त्रिया सभागृहात आल्या. भाडेकरू हाही नागरिक आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ही या सुधारणेची खरी कमाई होय.

पण तत्त्व मान्य होणे वेगळे आणि ते कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले हे वेगळे. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली २,४७३ कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै आढळली आणि खर्चापैकी घरभाड्यावर जाणारा भाग शेकडा आठांहूनही थोडा कमी होता. याचा अर्थ असा की, सरासरी कामगार कुटुंब चार रुपयांच्या आतबाहेर भाडे देत होते. मताची रेषा १० रुपयांवर होती. ही रेषा ज्यांनी आखली त्यांना कामगाराच्या खोलीचे भाडे ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. ते सरकारी पाहणीतच होते. त्याच पाहणीप्रमाणे कामगार कुटुंबांपैकी शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. कारकून, दुकानदार, शिक्षक हे या सुधारणेने मतदार झाले. विणकर, बदली कामगार व गोदीतील हमाल बहुतांशी बाहेरच राहिले. पुढे तिशीच्या दशकात ही रेषा पाच रुपयांपर्यंत खाली आली. तरीही उपरिनिर्दिष्ट सरासरी तिच्याखालीच राहते, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.

भाड्याच्या कसोटीत आणखी एक दोष होता, आणि तो गिरणगावच्या राहणीतूनच उद्भवत होता. एका खोलीत गावकीचे दहा-पंधरा पुरुष एकत्र राहत. दिवसपाळीचे गेले की रातपाळीचे येत. सर्वजण वर्गणीने भाडे भरीत, परंतु भाडेपावती एकाच्या नावाने निघे. खाणावळ चालविणारी बाई पंधरा माणसांना दोन वेळ जेवू घाली, तिच्या नावे पावती असेलच असे नाही. तेव्हा खोलीचे भाडे दहा रुपये झाले तरी मत एकच, आणि तेही बहुधा वस्तीतील जुन्या, थोड्या स्थिरस्थावर माणसाचे. जॉबर, खोलीचा मुख्य भाडेकरू, किराणा दुकानदार यांचे चाळीतील वजन या कायद्याने वाढविले, असे म्हणावयास जागा आहे. कामगार वस्तीतून निवडून येऊ इच्छिणाऱ्याला म्हणूनच कामगारांशी बोलण्यापूर्वी या मधल्या माणसांशी बोलावे लागे.

याच दशकात कामगार चळवळ मात्र कायद्याच्या पुढे निघून गेली होती. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उदयास आली. १९२९ च्या मार्चमध्ये डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, झाबवाला प्रभृती पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी पकडण्यात आले. दीड लाख माणसे सहा महिने काम बंद ठेवू शकत होती. पण आपल्या गल्लीतील नळाच्या वेळेविषयी सभागृहात एक माणूस पाठविण्याइतकी मते त्यांच्यापाशी नव्हती. संप आणि मत यांच्यामधील ही दरी मुंबईच्या राजकारणाच्या पुढील स्वरूपाचे एक प्रमुख कारण होय. ज्याला मत नाही त्याचे राजकारण रस्त्यावर घडते, आणि ती सवय मत मिळाल्यावरही सहजी सुटत नाही.

प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. समाजवादी पक्षाने तीत लक्षणीय यश मिळविले. भाडेपावती आता निरुपयोगी झाली. चाळीतील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष मतदार झाला. उमेदवाराचे स्वरूपही त्याबरोबर पालटले. युनियनचा कार्यकर्ता, चाळ समितीचा चिटणीस, व्यायामशाळेचा किंवा गणेशोत्सव मंडळाचा मुख्य गडी ही माणसे आता स्वतःच्या बळावर उभी राहू शकत होती. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली, तेव्हा भाषिक राज्याच्या मागणीबरोबरच गिरणगावाचे मतही सभागृहात आले. १९५८ साली मीरत खटल्यातील एक आरोपी, शांताराम सावळाराम मिरजकर, मुंबईचे महापौर झाले. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या शहरातून त्यांना पकडून नेले, त्याच शहराचे ते प्रथम नागरिक ठरले.

तथापि, या घटनेच्या नाट्यमयतेने अभ्यासकाने दिपून जाऊ नये. १८८८ च्या कायद्याने कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती ठेवली होती, व ती रचना मताधिकार बदलला तरी बदलली नाही. महापौराचे पद मुख्यतः मानाचे, तेही अल्प मुदतीचे. नगरसेवकाची खरी शक्ती तीन ठिकाणी होती : स्थायी समितीत, अंदाजपत्रकाच्या चर्चेत आणि प्रशासनाला प्रश्न विचारण्याच्या हक्कात. कोणत्या वॉर्डात किती नळ, कोणत्या रस्त्यावर किती संडास, कोणत्या शाळेत किती वर्ग, हा हिशोब ज्याला तोंडपाठ त्याचे तेथे चाले. भाषण करणारा पुढारी येथे मागे पडे व आकडे मागणारा कार्यकर्ता पुढे जाई. कामगार वस्तीतील चांगल्या नगरसेवकाची ओळख ही अशी होती, आणि तिची नोंद वृत्तपत्रांपेक्षा पालिकेच्या कार्यवृत्तांतच अधिक सापडावी, हे स्वाभाविक आहे.

जॉर्ज फर्नांडिस १९६१ साली महापालिकेवर निवडून आले व १९६८ पर्यंत नगरसेवक होते. टॅक्सीचालक, पालिकेचे कामगार व अन्य असंघटित श्रमिक यांच्या संघटनांतून ते आले होते. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव केला. पाटील स्वतः तीनदा महापौर झालेले होते; तेव्हा ही लढत एका अर्थाने महापालिकेच्या दोन पिढ्यांची होती. परळचे कृष्णा देसाई हेही नगरसेवकपदावरून १९६७ साली विधानसभेत गेले. १९७० च्या जूनमध्ये त्यांचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पराभूत होऊन शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरणगावातील मत वर्गाच्या आधारे पडावे की भाषा व प्रांत यांच्या आधारे, हा प्रश्न त्यानंतर बराच काळ धगधगत राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या आणि त्या मताचा आर्थिक आधार खचला.

कामगार-प्रतिनिधित्वाच्या या सबंध इतिहासात एका वर्गाचे स्थान सर्वांत विलक्षण आहे, व त्याची चर्चा फार थोडी झालेली आहे. तो वर्ग म्हणजे पालिकेचे सफाई कामगार. शहराच्या आरोग्याचा भार ज्यांच्यावर, त्यांच्या श्रमासाठी शहर 'हलालखोर कर' या नावाने पैसे गोळा करीत होते. १८९० च्या म्युनिसिपल नोकरांविषयीच्या मुंबई कायद्याने अशा नोकराने सूचनेशिवाय काम सोडणे हा दंडनीय अपराध ठरविला. गिरणी कामगार संप केल्यास उपाशी राही, सफाई कामगार संप केल्यास तुरुंगात जाऊ शके. प्रौढ मताधिकाराने त्याला मत दिले. पण पालिकेच्या नोकराने पालिकेच्या निवडणुकीस उभे राहता कामा नये, ही अट कायद्यात होतीच. हितसंबंध टाळण्याच्या दृष्टीने ही अट समर्थनीय आहे, हे मान्य करावे लागेल. नोकर आपल्याच वेतनावर मत कसे देणार? मात्र परिणाम असा झाला की, ज्याला त्या कामाची घाण व धोके प्रत्यक्ष ठाऊक, त्याला सभागृहात जाण्यासाठी नोकरी सोडावी लागे. ती सोडण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. म्हणून त्याचा कैवारी बाहेरचाच राहिला. गिरणी कामगार अनुग्रहाच्या अवस्थेतून बाहेर पडला तरी सफाई कामगार तीतच राहिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

विदर्भाकडे वळल्यास चित्र वेगळे दिसते. नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. कोष्टी विणकर व दलित समाजातील मजूर हे तेथील गिरणी कामगारांचे दोन मोठे घटक होते, व रा. स. रुईकर यांनी त्यांच्या संघटनेस दीर्घकाळ नेतृत्व दिले. नागपूर महानगरपालिका १९५१ साली अस्तित्वात आली, म्हणजे तिच्या जन्मापासूनच प्रौढ मताधिकार होता. १९५६ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे तरुण नगरसेवक सदानंद फुलझेले उपमहापौर होते. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी झालेल्या धम्मदीक्षा समारंभाच्या व्यवस्थेत त्यांचा मोठा वाटा होता. लाखोंच्या समुदायासाठी मैदान, पाणी, रस्ते, दिवे या गोष्टी नगरसंस्थेच्या हाती असतात. तेथे आपला माणूस असण्याचा अर्थ काय, हे त्या दिवशी नागपुरात दिसून आले.

नागपूर सोडून पश्चिमेकडे आल्यास गिरणीच्या जागी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने दिसतात. कारंजा, वाशीम, अकोला यांसारख्या कापसाच्या बाजारपेठांत हे काम हंगामी असते. हंगामात मजूर गावाहून शहरात येतो, हंगाम सरताच परततो. शहरातील धूळ, रुईचा खकाणा व अपुरे पाणी त्याच्या वाट्याला येते. मतदारयादीतील नाव मात्र गावच्या घरी असते. त्यामुळे ज्या नगरपालिकेच्या हद्दीत तो श्रम करतो, तिच्या निवडणुकीत त्याला उमेदवारही होता येत नाही व मतही देता येत नाही. त्याला हक्क आहे तो आसेगावासारख्या गावाच्या ग्रामपंचायतीत. म्हणूनच या जिल्ह्यापुरता नगरसंस्थेतील कामगार-प्रतिनिधित्वाचा प्रश्न अखेर ग्रामपंचायतीपाशी येऊन थांबतो.

आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. मिळकतीची व कराची जी अट मतदारापुरती नाहीशी झाली, ती उमेदवारापुरती शिल्लक राहिली. इतकेच नव्हे, तर कालांतराने वाढली. १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कराचे बिल मिळून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासदत्वास अपात्र ठरतो. त्याच कलमात पुढे अपत्यसंख्येची व घरात शौचालय असण्याची अट आली. २००६ साली आणखी एक तरतूद जोडली गेली : शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा अपात्र. भूमिहीन मजुराचे घर पुष्कळदा गायरानावर किंवा गावठाणाच्या कडेच्या शासकीय जागेवर असते, कारण अन्य जागा त्याच्यापाशी नसते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी केलेले असले तरी त्या घरात राहणारा सभासद अपात्र ठरू शकतो, असा अर्थ लावला. सार्वजनिक जमिनीचे रक्षण करणाऱ्या संस्थेत ती जमीन बळकावणाराच बसू नये, हा हेतू वाजवी आहे. गावच्या धनिकाने रस्त्यावर पुढे ओढलेली भिंतही या तरतुदीत येते, हेही खरे. पण त्या धनिकाला ती भिंत मागे घेता येते. मजुराला आपले घर मागे घेता येत नाही.

या अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात व त्याविरुद्धचे अपील विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाते. तक्रार करणारा कोणीही असू शकतो, आणि पराभूत प्रतिस्पर्धी तसे करील हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. १९९३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या, त्यामुळे मजूर कुटुंबांतील माणसे निवडून येण्याचे प्रमाण वाढले. पण निवडून आल्यावर ती जागा टिकविण्याचा खर्च त्या तरतुदीत धरलेला नाही. आसेगावाहून वाशीमच्या जिल्हाधिकारी कचेरीची एक तारीख म्हणजे मजुरीचा एक दिवस, आणि अपिलासाठी अमरावतीची एक तारीख म्हणजे निदान एक दिवस, प्रवासखर्च व वकिलाची फी.